विशाखापट्टणम वर्गातील विनाशिका

भारतीय नौदलासाठी मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या, मार्गदर्शित क्षेपणास्त्रांनी सज्ज अशा चार युद्धनौकांचा वर्ग. यालाच ‘प्रकल्प १५ ब’ म्हणतात. विमाने, जहाजे आणि पाणबुड्या या तिन्ही संकटांपासून ताफ्याचे रक्षण करणाऱ्या मोठ्या, वेगवान युद्धनौकेस विनाशिका अशी संज्ञा आहे.

माझगावची गोदी अठराव्या शतकातील असून ती १९६० मध्ये भारत सरकारच्या ताब्यात आली. तेथेच दिल्ली वर्गाच्या (१९९७–२००१) व कोलकाता वर्गाच्या (२०१४–१६) प्रत्येकी तीन विनाशिका तयार झाल्या. त्या अनुभवावर उभारलेल्या या वर्गाचा करार जानेवारी २०११ मध्ये झाला आणि त्याचा आराखडा नौदलाच्याच रचनाकारांनी केला. विशाखापट्टणम (२०२१), गोव्यातील बंदराचे नाव धारण करणारी मुरगाव (२०२२), इंफाळ (२०२३) व सुरत (२०२५) या चारही नौका मुंबईतच नौदलात दाखल झाल्या.

प्रत्येक नौकेची लांबी १६३ मीटर, विस्थापन सुमारे ७,४०० टन व वेग ताशी ३० सागरी मैलांहून अधिक आहे. रडारच्या लहरी आल्या दिशेने परतू नयेत, म्हणून नौकेच्या बाजू व वरचे बांधकाम कलते ठेवले आहे. डोलकाठीवरील रडारचे चार सपाट फलक चारही दिशांवर एकाच वेळी नजर ठेवतात. लक्ष्य हेरले जाताच बराक-८ हे विमानभेदी क्षेपणास्त्र डेकखालील उभ्या कप्प्यातून सरळ वर झेपावते आणि मग लक्ष्याकडे वळते. अशी ३२ बराक आणि जहाजे व जमिनीवरील लक्ष्ये भेदणारी १६ ब्रह्मोस क्षेपणास्त्रे नौकेवर असतात. त्यांच्या जोडीला ७६ मिलिमीटरची तोफ, पाणतीर, पाणबुडीविरोधी रॉकेटे आणि हेलिकॉप्टरे आहेत. अण्वस्त्र वा विषारी वायूचा हल्ला झाल्यास आतली हवा शुद्ध राखण्याची सोयही केलेली आहे.

तुलनेसाठी पाहता, चीनच्या ०५२-डी वर्गाची पहिली विनाशिका ‘कुनमिंग’ २०१४ मध्ये सेवेत आली. आकाराने ती विशाखापट्टणम वर्गाच्या जवळपास असली, तरी तिच्यात ६४ उभे कप्पे आहेत आणि त्या वर्गाच्या पंचवीसहून अधिक नौका चीनने बांधल्या. विशाखापट्टणम वर्गात आराखडा, पोलाद आणि बांधणी देशी असली, तरी मुख्य गॅस टर्बाइन इंजिने युक्रेनमधून आलेली आहेत. त्यामुळे युद्धनौका-बांधणीतील स्वावलंबन पूर्ण होण्यासाठी देशी इंजिन आणि बांधणीचा वेग या दोन्ही बाबी निर्णायक ठरतात.