कांदा निर्यातीचे आदेश आणि आपलं पीक



निर्यातबंदी म्हटलं की आपण भाव किती पडला तेवढंच बोलतो. मी आदेशांच्या तारखा वहीत उतरवल्या आणि शेजारी कांद्याचे हंगाम लिहिले. तेव्हा खरं दुखणं दिसलं.

१३ सप्टेंबर २०१९ : किमान निर्यात मूल्य टनाला ८५० डॉलर. सोळाच दिवसांत, २९ तारखेला, थेट बंदी. ती १५ मार्च २०२० ला उठली आणि सहा महिन्यांनी, १४ सप्टेंबरला, परत लागली. १ जानेवारी २०२१ ला पुन्हा मोकळीक.

१९ ऑगस्ट २०२३ : ४० टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबरअखेर ८०० डॉलरची अट. ८ डिसेंबरपासून बंदी, मुदत ३१ मार्च २०२४. मुदत संपायच्या आधीच, २२ मार्चला, 'पुढील आदेशापर्यंत' वाढ. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर आणि ४० टक्के शुल्क राहिलंच. शुल्क पूर्ण गेलं ते १ एप्रिल २०२५ ला.

आता हंगाम बघा. ऑगस्ट-सप्टेंबरला चाळीत उन्हाळ कांदा असतो. चार-पाच महिने घट आणि सड सोसून आपण याच दिवसांची वाट बघतो. डिसेंबरला लाल कांदा येतो. त्याची मान जाड, पाणी जास्त. तो चाळीत टिकत नाही. आदेश निघाला म्हणून थांबायची सोयच नाही, मिळेल त्या बोलीला द्यावा लागतो. आणि हा कांदा लावलेला असतो पावसाळ्यात, जेव्हा डिसेंबरच्या बंदीचा पत्ताही नसतो.

छोट्या निर्यातदाराचंही तेच. सौदा आधी ठरलेला, नियम मध्येच बदलतो. २०१९ ला बांगलादेशाने इजिप्त, तुर्कस्तान, म्यानमारकडून कांदा मागवला. ऑक्टोबरमध्ये दिल्लीत शेख हसीना यांनी जाहीरपणे म्हटलं होतं, की आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. गिऱ्हाईकही तेच मागतंय जे आपण मागतो.

एक लक्षात ठेवा : बंदी आणि किमान मूल्य विदेश व्यापार महासंचालनालय ठरवतं, शुल्क अर्थ मंत्रालय. निवेदन देताना दोन्हीकडे द्या.

शहरातल्या माणसालाही कांदा परवडला पाहिजे, हे मला मान्य आहे. माझी मागणी एवढीच : जे ठरवायचं ते रोप टाकायच्या आधी सांगा. मग किती लावायचं ते आमचं आम्ही बघू.