नाक, बाटली आणि फुंकर : मद्यपी चालकाच्या तपासणीचा इतिहास

नाकाबंदीवरच्या पोलिसाच्या हातात फुंकायचे यंत्र येण्याआधी हे काम डॉक्टरच्या नाकावर चालायचे. पोलीस संशयिताला 'मेडिकल'साठी सरकारी दवाखान्यात आणत. डॉक्टर तोंडाचा वास घेई, डोळ्यांच्या बाहुल्या बघे, सरळ रेषेत चालायला लावी, नाव-गाव विचारून जीभ अडखळते का ते ऐके आणि दाखला लिहून देई. त्या दाखल्यातले एक वाक्य आमच्या पिढीच्या डॉक्टरांना पाठ आहे : 'दारू घेतलेली आहे, पण अंमलाखाली नाही.'

वाचून हसू येईल, पण अडचण खरी होती. वासावरून दारू घेतली एवढेच कळते, किती घेतली ते कळत नाही. शुद्ध अल्कोहोलचा वास तसा सौम्य असतो, आपल्याला झोंबतो तो बराचसा दारूतल्या इतर घटकांचा. शिवाय झोकांड्या आणि अडखळणारी जीभ ही काही दारूचीच मक्तेदारी नाही. साखर एकदम उतरलेला मधुमेही अगदी तसाच वागतो. डोक्याला मार लागून आत रक्तस्राव होत असलेलाही. त्यातून कुणी घोटभर घेतलेली असली, तर 'उतरली की शुद्धीवर येईल' म्हणून त्याला कोपऱ्यात झोपवण्याचा धोका असतो. म्हणून अशा माणसाची साखर आधी तपासावी, हे प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला बजावावे लागते.

नाकाकडून रक्ताकडे आपण दारूबंदीमुळे वळलो. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. आपले जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते, स्वतंत्र जिल्हा व्हायला १९८१ उजाडले. १९५९ च्या दुरुस्तीने हा कायदा मराठवाड्यालाही लागू झाला आणि त्याच दुरुस्तीत संशयिताचे रक्त तपासण्याची तरतूद आली. १०० मिलीलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम किंवा जास्त अल्कोहोल निघाले, तर ते औषधातून वगैरे आले हे आरोपीने सिद्ध करायचे. सोबतच्या नियमांत एक बारीक पण शहाणी अट होती : रक्त काढताना स्पिरिट वापरायचे नाही. दंडाला चोळलेल्या स्पिरिटचा अंश नमुन्यात उतरला, तर कधी थेंब न घेतलेला माणूसही दारुडा ठरायचा!

सर्वोच्च न्यायालयानेही नाकावर भरवसा ठेवला नाही. महाराष्ट्रातल्या एका अपघाताच्या खटल्यात (हा निकाल १९७१ च्या संग्रहात छापला आहे) डॉक्टरने वास, लटपटती चाल, असंबद्ध बोलणे आणि मोठ्या झालेल्या बाहुल्या, सगळे नोंदवले होते. रक्ताची किंवा लघवीची तपासणी नसताना एवढ्यावरून चालक दारूच्या अंमलाखाली होता असे म्हणता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. डॉक्टर म्हणून मला हा निकाल पटतो.

तोवर परदेशात श्वासाचा रस्ता सापडला होता. फुप्फुसात रक्त आणि हवा यांच्यामध्ये अगदी पातळ पडदा असतो, रक्तातले अल्कोहोल त्यातून श्वासात उतरते आणि त्याचे प्रमाण बऱ्यापैकी ठरलेले असते. साधारण २१०० मिलीलिटर श्वासात जेवढे अल्कोहोल, तेवढेच १ मिलीलिटर रक्तात. १९२७ मध्ये अमेरिकेत एमिल बोगेन या डॉक्टरने लोकांना चक्क फुटबॉलचा ब्लॅडर फुगवायला लावला आणि ती हवा रसायनातून सोडून रंग किती बदलतो ते पाहिले. १९५४ मध्ये इंडियाना राज्याच्या पोलीस दलातल्या रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी सुटसुटीत 'ब्रेथलायझर' बनवला. १९६७ मध्ये ब्रिटनने रस्त्यावरची श्वासतपासणी कायद्यात आणली. आजच्या हातातल्या यंत्रात बहुधा फ्युएल सेल असतो : अल्कोहोल जेवढे जास्त, तेवढी वीज जास्त. मधुमेह बिघडल्यावर श्वासात येणाऱ्या अ‍ॅसिटोनला तो सहसा फसत नाही. माउथवॉशला मात्र फसू शकतो. तोंडात राहिलेले अल्कोहोल उडून जायला १५ मिनिटे द्यावी लागतात.

आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आधी रक्तात 'कितीही थोडे' अल्कोहोल हा गुन्हा होता. १९९४ च्या दुरुस्तीने १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आणि ब्रेथ अ‍ॅनालायझरचे नाव कलम १८५ मध्ये आले. पण कायद्यात नाव येणे वेगळे आणि चौकात यंत्र येणे वेगळे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत कार्टर रोडवर एका भरधाव मोटारीने रस्त्याकडेला झोपलेल्या मजुरांना चिरडले, ७ जण गेले. चालकाच्या रक्तात ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल निघाले. पुढच्या वर्षी, २००७ मध्ये, मुंबई वाहतूक पोलिसांनी तपासणीची मोठी मोहीम उघडली आणि 'थर्टी फर्स्ट'ची फुंकर सगळ्यांच्या ओळखीची झाली. २०१९ मध्ये पहिल्या गुन्ह्याचा दंड २ हजारांवरून १० हजार रुपयांपर्यंत गेला.

यंत्राचा खरा उपयोग वेळेचा आहे. यकृत ताशी साधारण १५ मिलिग्रॅम अल्कोहोल उतरवते. अपघाताच्या वेळी ९० असेल, तर ४ तासांनी काढलेल्या रक्तात ३० च राहते, म्हणजे मर्यादेच्या आत! अपघात झाला की जखमींना हलवणे, पंचनामा, पोलीस ठाणे यांत एवढे तास सहज जातात. नमुना आणि अहवाल यांच्यामध्ये माणसेही असतात. मे २०२४ मध्ये पुण्यातल्या कल्याणीनगर अपघातानंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनमधल्या डॉक्टरांना अटक झाली, तेव्हा आमच्या व्यवसायाची मान खाली गेली. जागेवर, चारचौघांत घेतलेली फुंकर बदलणे त्या मानाने अवघड.

आपल्या शेजारी, सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ च्या रात्री नागपूर-पुणे खाजगी बस पेटून २५ प्रवासी गेले. वाचलेल्या चालकाच्या रक्तात अल्कोहोल आढळल्याचे नंतर प्रयोगशाळेच्या अहवालावरून जाहीर झाले. फुंकायचे यंत्र असते ते शहरातल्या चौफुलीवर. या महामार्गावर जालन्यात चढलेली बस रात्रभर एकही चौफुली न लागता धावते. तिच्या चालकाने निघण्यापूर्वी एकदा फुंकावे, एवढी सोय ट्रॅव्हल्सच्या कार्यालयातच सहज करता येईल. यंत्र खिशात मावते.

कुणाला यंत्राचा आकडा चुकीचा वाटला, तर कायद्यात रक्ततपासणीची तरतूद आहे. कलम १८५ खाली अटक झाल्यावर २ तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायलाच हवी, नाहीतर सोडून द्यावे लागते. त्या वेळी मधुमेह, फिट्स, चालू असलेली औषधे यांची माहिती डॉक्टरला आधी द्या. आणि बरोबरचा माणूस 'नुसता पिलेला' वाटत असला तरी त्याच्या डोक्याला मार लागला असेल, तर ते मोठ्याने सांगा.