नऊ बारांचा निरोप

१९ फेब्रुवारी १९११. तुम्ही व्हिएन्नात आहात, संगीतकार आर्नोल्ड शॉनबर्गच्या पाठीमागे उभे. छत्तीस वर्षांच्या या माणसाच्या हाती अजून ‘गुरेलीडर’चं अवाढव्य काम आहे, ते सादर करायला शेकडो गायक-वादक लागतील. आज मात्र तो एकट्या पियानोसाठी लिहितोय. पहिली रचना सतरा बारांची (बार म्हणजे मात्रांचा एक खंड), दुसरी नऊच. जरा वाकून बघा. जी आणि बी, दोनच स्वर एकत्र, कोरडे, तुटक, पुन्हा पुन्हा तेच. मधूनच एखादी सुरावट येते आणि विरते, हे दोघे जागचे हलत नाहीत. चौथी रचना हलक्या पावलांनी निघते आणि शेवटी एकदम घणाचे घाव घालते. एका दिवसात पाच रचना होतात. इथे स्वरांची काटकसर नाही. सांगायचं तेवढं सांगून झालं की शॉनबर्ग थांबतो, आणि एवढं धाडस मला तरी भव्य सिंफनीतही क्वचितच दिसतं.

आता तीन महिने पुढे या. १८ मे रोजी संगीतकार गुस्ताव्ह माहलर गेला. शॉनबर्गचं संगीत आपल्याला नेहमी कळतं असं नाही, हे कबूल करूनही माहलर त्याच्या बाजूने उभा राहिला होता. चणचणीच्या दिवसांत शॉनबर्गने रंगवलेली चित्रं त्याने नाव न सांगता विकत घेतली. आपल्यामागे याचं कसं होणार, ही काळजी त्याला अखेरपर्यंत होती. २२ मे. ग्रिन्झिंगच्या दफनभूमीत पाऊस पडतोय आणि तुम्ही गर्दीत उभे आहात. भाषण नाही, संगीत नाही. माहलरची तशीच इच्छा होती. शॉनबर्गही इथेच आहे. हा प्रसंग तो पुढे रंगांतही उतरवणार आहे.

१७ जूनला तो सहावी रचना लिहितो. पुन्हा नऊच बार. उजव्या हाताचे तीन स्वर अलगद पडतात आणि दाबलेलेच राहतात. त्यांची आस विरू लागते तोच डाव्या हाताचे तीन त्यांना येऊन मिळतात. कित्येकांना यात घंटा ऐकू येतात. तुम्ही मात्र कान द्या तो पहिले तीन आणि पुढचे तीन यांच्यामधल्या वेळेला. वादकाने तिथे घाई केली की सगळं गेलं. शेवटच्या बारवर शॉनबर्गने सूचना लिहिली आहे: श्वासासारखं.

४ फेब्रुवारी १९१२, बर्लिन. पियानोवर लुई क्लोसाँ. सहाही रचना पहिल्यांदाच लोकांसमोर येताहेत आणि सगळं मिळून जेमतेम पाच-सहा मिनिटांत आटोपतं. सवयीने तुम्ही सातवीची वाट बघाल. ती नाही. घरी परतल्यावर दुसरी आणि सहावी लागोपाठ ऐका: दोन्ही नऊ बारांच्या, पण दुसरीत माहलर जिवंत आहे.