मुंग्यांचं सोनं

राजसूय यज्ञाहून दुर्योधन हस्तिनापुरात परतला तो जळफळतच. बापापुढे बसून त्याने युधिष्ठिराला आलेल्या नजराण्यांची यादीच वाचली. मत्सरी माणसाइतका चोख हिशेब दिवाणजीलाही जमत नाही; कोणी किती घोडे दिले, कोणी कसली चामडी आणली, सगळं त्याच्या लक्षात होतं. त्या यादीत मेरू आणि मंदर पर्वतांमधल्या शैलोदा नदीकाठची माणसं येतात: खस, पारद, कुलिंद, तंगण. त्यांनी आणलं होतं ‘पिपीलिक’ सोनं. पिपीलिका म्हणजे मुंगी. मुंग्यांनी उकरून वर काढलेलं ते पिपीलिक. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतही हे सोनं जागच्या जागी आहे.

भाकडकथा म्हणून पान उलटता आलं असतं. पण तिथेच सांगितलंय की हे सोनं द्रोणाने मोजून दिलं. द्रोण हे धान्याचं माप, आपल्या पायलीच्या जातीतलं. लगड असती तर ती तराजूत गेली असती. मापाने मोजायचं तर भुकटीच हवी, आणि भुकटीचं सोनं म्हणजे बहुतेक नदीचं सोनं. मुंगीचं खरंखोटं पुढे पाहू, माल तरी खरा दिसतो.

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक हिरोडोटसनेही हीच मुंगी गाठली. इराणच्या बादशहाला हिंदी लोक दरसाल 360 टॅलंट सोनं खंडणी म्हणून भरतात असं तो लिहितो. तीही भुकटीच. हे सोनं वाळवंटातल्या मुंग्यांचं, आणि मुंग्या केवढ्या, तर कुत्र्याहून लहान, कोल्ह्याहून मोठ्या! भर उन्हात त्या बिळात शिरल्या की माणसं पोती भरून उंटांवरून पळ काढतात. नुकतीच व्यालेली सांडणी मुद्दाम बरोबर न्यायची, म्हणजे पिलाच्या ओढीने ती घराकडे धावत सुटते. पुढे रोमचा प्लिनी तर सांगतो की एरिथ्री गावच्या हर्क्युलिसच्या देवळात हिंदी मुंगीची शिंगं टांगलेली आहेत. मुंगी पश्चिमेकडे जाईल तशी वाढतच गेली.

आता जरा नदीकडे. सोनं पाण्याच्या 19 पट जड, साधी गारगोटीची वाळू जेमतेम अडीच पट. डोंगरातून सुटलेला सोन्याचा कण पुरात वाळूबरोबर वाहतो खरा, पण ओढ जिथे मंदावते तिथे तो आधी बसतो: वळणाच्या आतल्या अंगाला, मोठ्या धोंड्याच्या पाठीशी, तळच्या कातळाच्या भेगेत. शोधणारा तिथलीच माती परातीत घेतो. गोटे हाताने वेचून टाकायचे, परात पाण्याखाली धरून हलवायची, मग कड किंचित कलती करून वरची हलकी वाळू वाहू द्यायची. सराफ कट्ट्यावर गटारातला गाळ धुणारा झारेकरी ज्यांनी पाहिलाय त्यांना ही हालचाल ओळखीची आहे. शेवटी चिमूटभर काळी रेती उरते, लोहचुंबकाला चिकटणारी. परातीत थेंबभर पाणी फिरवलं की ती पंख्यासारखी पसरते आणि तिच्या मागे, अगदी शेपटाला, दोन-तीन पिवळे ठिपके राहतात. नवखा अभ्रकाला भुलतो. अभ्रक उन्हात लखलखतं, सोनं सावलीतही पिवळंच दिसतं.

असं धूत धूत नदी चढायची, प्रत्येक ओढ्याच्या तोंडाशी परात लावायची. कण खडबडीत होत चालले की मूळ जवळ आलं. एकाएकी ठिपके बंद झाले तर मूळ मागे राहिलं, परत फिरा.

पण नदी हजारो वर्षांत खाली खाली कापत जाते आणि तिचं जुनं पात्र काठावर उंच, कोरड्या पठारासारखं उरतं. सोनं त्यातही असतं, फक्त हातभर-पुरुषभर मातीखाली. ती माती फुकट उकरून देणारं कोणी भेटलं तर?

फ्रेंच भटक्या लेखक मिशेल पेसेल याला ते भेटलं. सिंधू नदीच्या वरच्या खोऱ्यात, हल्लीच्या नियंत्रण रेषेलगत, दनसर नावाचं पठार आहे. तिथले मार्मोट, म्हणजे मांजराहून दांडगे, केसाळ, बिळं करून राहणारे खारीचे भाऊबंद, खालची माती उपसून बिळाच्या तोंडाशी टाकतात. त्या मातीतून आपले पूर्वज सोनं वेचत असं मिनारो जमातीच्या म्हाताऱ्यांनी त्याला सांगितलं. 1984 साली त्याने त्यावर पुस्तक लिहिलं.

त्याच्या शंभरेक वर्षं आधी दुसरा उलगडा झाला होता, तो मला जास्त करमणुकीचा वाटतो. 1867 साली नैनसिंग रावत आणि त्यांचे सोबती इंग्रजांच्या मोजणीखात्यासाठी वेषांतर करून पश्चिम तिबेटात शिरले आणि थोक जालुंगच्या सोन्याच्या खाणींवर पोचले. उंची 16,000 फुटांच्या वर. खोदणारे केसाळ कातड्यात गुरफटलेले. रात्री गुडघे-कोपरांवर दुमडून, अंगावर असतील नसतील ते कपडे घेऊन झोपायचे. गर्दी हिवाळ्यात जास्त, कारण गोठलेली माती अंगावर ढासळत नाही. हे वाचून फ्रेडरिक शिएर्न हा डॅनिश विद्वान म्हणाला, ह्याच त्या मुंग्या! त्याच्या लेखाचं इंग्रजी भाषांतर मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन अँटिक्वरी’त 1875 साली छापून आलं. हिवाळ्याचा धागा त्याला बरोबर सापडला, कारण चंद्रगुप्ताच्या दरबारी आलेल्या मेगॅस्थेनिसनेही मुंग्या हिवाळ्यात खणतात असंच लिहून ठेवलंय.

माझा कौल मार्मोटला. मात्र ‘मुंगी सोनं काढते’ हे शब्दशः घेतलं तरी हसण्यासारखं नाही. ऑस्ट्रेलियात सोनं शोधणारे भूशास्त्रज्ञ आज वाळवीच्या वारुळाची माती तपासायला नेतात; वाळवी खोलवरची माती वर आणते, आणि तिच्याबरोबर सोन्याचा अंशही. प्राचीन ज्योतिषी वराहमिहिर वारूळ पाहून जमिनीतलं पाणी सांगत होता, हे भूशास्त्रज्ञ सोनं सांगतात.

सिंधूकाठी हे काम अजून चालू आहे. गिलगिट-चिलासकडच्या सोनेवाल लोकांचा हंगाम हिवाळ्यातलाच, कारण उन्हाळ्यात बर्फ वितळून नदी फुगते आणि वाळूचे पट्टे पाण्याखाली जातात. याच मुलखातले दरद मेगॅस्थेनिसला माहीत होते. त्यांच्याबद्दल त्याने मुंग्यांखेरीज आणखी एक गोष्ट नोंदवली आहे: यांना सोनं गाळता येत नाही, म्हणून येईल त्या व्यापाऱ्याला, मिळेल त्या भावाने, ते भुकटी तशीच देऊन टाकतात.