राणी मारिया, सिस्टर
(२९ जानेवारी १९५४ – २५ फेब्रुवारी १९९५). इंदूर धर्मप्रांतातील कॅथलिक धर्मभगिनी. जन्म केरळमधील पुल्लुवळी येथे. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात दाखल झाल्यावर बिजनौर व सतना भागांत काम करून १९९२ मध्ये त्या देवास जिल्ह्यातील उदयनगरला आल्या. तेथील आदिवासी शेतमजूर सावकारी कर्जात पिढ्यान्‌पिढ्या अडकलेले होते. मारियांनी त्यांचे बचतगट उभे केले आणि सरकारी योजना व हक्कांची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचवली. गरिबांवरचे प्रेम म्हणजे त्यांना स्वतःच्या पायांवर उभे करणे, ही त्यांची धारणा सावकारांना झोंबली. उदयनगरहून इंदूरला निघालेल्या बसमध्ये सावकारांनी नेमलेल्या मारेकऱ्याने प्रवाशांदेखत त्यांच्यावर चाकूचे वार केले. नाचनबोर डोंगराजवळ त्यांचा मृत्यू झाला.

पुढे जे घडले ते या चरित्राचा गाभाच मानावे लागेल. मारियांची धाकटी बहीण, स्वतः धर्मभगिनी, २००२ मध्ये तुरुंगात गेली आणि तिने मारेकऱ्याला राखी बांधली. आईनेही त्याला क्षमा केली. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी रदबदली केली व २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये मारियांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. त्यांची समाधी उदयनगरच्या चर्चमध्ये आहे.