गर्भांतील सूत्रधार

शास्त्राच्या इतिहासांत नवीन शोधाइतकेंच नवीन शब्दालाहि महत्त्व असतें. एखादा समर्पक शब्द सांपडला कीं विखुरलेल्या गोष्टी एकत्र येतात व विचाराला वाट मिळते. परंतु तोच शब्द पुढें इतका अंगवळणी पडतो कीं, त्यानें दाखविलेल्या वाटेखेरीज दुसरी वाट असूं शकेल ही शंकाच कोणास येत नाहीं. गर्भशास्त्रांतील ‘ऑर्गनायझर’ हा असाच एक शब्द आहे. आम्ही त्यास सूत्रधार म्हणूं. एकसारख्या दिसणाऱ्या पेशींपैकीं कांहींची त्वचा व कांहींचा मेंदू कां व्हावा, या प्रश्नाचें उत्तर या शब्दानें जवळ आणलें आणि मग सुमारें सत्तर वर्षें तें दृष्टीआड ठेविलें.

प्रश्न जुनाच होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑगस्ट वाइझमन या जर्मन शास्त्रज्ञानें असें मत मांडलें कीं, अंड्याचें विभाजन होत असतां त्यांतील वारशाचीहि वांटणी होत जाते. वडिलार्जित मिळकतीचे हिस्से पडावे तसा मेंदूचा हिस्सा एका पेशीकडे व आंतड्याचा दुसरीकडे जातो. १८८८ सालीं विल्हेल्म रू यानें बेडकाच्या द्विपेशीय गर्भांतील एक पेशी तापलेल्या सुईनें मारली, तेव्हां उरलेलीपासून अर्धाच गर्भ तयार झाला व हें मत सिद्ध झालेंसें वाटलें. परंतु १८९१ सालीं हान्स ड्रीश यानें ट्रिएस्टे येथें ‘सी अर्चिन’ या कांटेरी समुद्रप्राण्याच्या गर्भांतील दोन पेशी हलवून सुट्या केल्या, तेव्हां प्रत्येकीपासून लहानसा पण सबंध जीव निपजला. म्हणजे वांटणी झालीच नव्हती. पेशवे दफ्तराची उपमा घ्यावयाची तर प्रत्येक पेशीजवळ सबंध दफ्तर होतें. मग एकीनें एक रुमाल सोडावा व दुसरीनें दुसरा, हें ठरवितें कोण?

या प्रश्नास हान्स स्पेमननें हात घातला. त्याचीं हत्यारें साधीं होतीं: कांचेच्या बारीक सुया आणि तान्ह्या बाळाच्या केसाचा फांस. न्यूट हा सरड्यासारखा दिसणारा उभयचर प्राणी. त्याचा गर्भ जेमतेम मोहरीएवढा. आरंभीं तो पेशींचा पोकळ गोळा असतो व त्याच्या एका बाजूस फट पडून बाहेरच्या पेशी आंत शिरूं लागतात. या फटीच्या वरच्या ओठांत कांहीं विशेष सामर्थ्य असावें असा स्पेमनला संशय होता. फ्रायबुर्ग येथील त्याची विद्यार्थिनी हिल्डे प्रोशोल्ट, विवाहानंतरची हिल्डे मांगोल्ड, हिनें १९२१ व १९२२ सालीं तो संशय कसोटीस लावला. फिक्या रंगाच्या जातीच्या गर्भाचा हा ओठ कापून तिनें तो गडद जातीच्या गर्भाच्या पोटाच्या बाजूस बसविला. रंगभेदामुळें यजमानाची पेशी कोणती व पाहुण्याची कोणती हें ओळखतां येत होतें. बहुतेक गर्भ मरून जात; प्रबंधांत सहाच गर्भांचें वर्णन आहे. परंतु तेवढे पुरले. यजमानाच्या अंगावर दुसरा गर्भ वाढूं लागला होता, आणि त्याची मज्जानलिका, म्हणजे भावी मेंदू व पृष्ठरज्जु, बहुतांशीं यजमानाच्याच गडद पेशींची बनलेली होती. ज्या पेशी पोटाची कातडी व्हावयाच्या त्या शेजार बदलतांच मेंदू होऊं लागल्या. पाहुण्यानें माल दिला नव्हता, केवळ आज्ञा दिली होती, असें दिसलें. त्या भागास स्पेमननें ‘ऑर्गनायझर’ हें नांव दिलें.

प्रबंध १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत घरांतील स्टोव्हचा भडका होऊन हिल्डे मांगोल्ड भाजली व मरण पावली. तिचें वय पंचवीस होतें व मागें तान्हें मूल होतें. १९३५ सालचें नोबेल पारितोषिक एकट्या स्पेमनला मिळालें. मृतांस तें देत नाहींत हें खरें. तथापि त्या शोधास तिचें नांव जोडण्यासहि जगानें पुष्कळ उशीर केला. सूत्रधारावर दृष्टि खिळलेल्या जगाला सुई धरणारा हात सहसा दिसत नाहीं.

आतां शोध सुरू झाला तो आज्ञा वाहून नेणाऱ्या द्रव्याचा. १९३२ सालीं असें आढळलें कीं, हा ओठ मारून टाकला तरी त्याची शक्ति जात नाहीं. आशा वाढली. पण मग इतर प्राण्यांच्या अवयवांचे तुकडेहि तेंच कार्य करूं लागले. १९३६ सालीं तर मेथिलीन ब्लू या साध्या निळ्या रंगानेंहि तें होतें असें दिसून आलें. पुढें योहान्नेस होल्टफ्रेटरनें दाखविलें कीं, बाहेरच्या थराच्या पेशी नुसत्या प्रतिकूल क्षारद्रवांत कांहीं काळ ठेवल्या तरी त्यांच्या मज्जापेशी होऊं शकतात. जी आज्ञा कोणीहि देऊं शकतो ती आज्ञा कसली? पुष्कळांनीं हताश होऊन हा विषय सोडला. तत्कालीन रसायनशास्त्र अपुरें होतें हें मान्य; परंतु आमच्या मतें अपयशाचें अर्धें मूळ त्या शब्दांत होतें. व्यवस्था दिसली कीं तिचा हुकूम देणारा शोधावयाचा, ही मनुष्याच्या मनाची जुनी खोड आहे.

दृष्टि बदलण्यास आरंभ झाला तो भलत्याच ठिकाणीं. १९६१ सालीं फ्रान्स्वा जाकोब व जाक मोनो यांनीं एका जंतूच्या अभ्यासावरून दाखविलें कीं, दुधांतील साखर पचविण्याचीं जनुकें एरवीं दाबून धरलेलीं असतात. साखर येतांच तो हात निघतो व जनुकें कामास लागतात. पुढच्याच वर्षीं जॉन गर्डननें बेडूकमाशाच्या आंतड्यांतील पेशीचें केंद्रक अंड्यांत घालून त्यापासून नवे बेडूकमासे वाढविले. आंतड्याच्या पेशीचें दफ्तर हरवलेलें नव्हतें, कांहीं रुमाल बांधलेले होते इतकेंच.

अखेर १९९२ सालीं ‘नॉगिन’ व १९९४ सालीं ‘कॉर्डिन’ हीं त्या ओठांतील प्रथिनें हातीं लागलीं, आणि पडदा उठला. हीं प्रथिनें मेंदू होण्याची आज्ञा देत नाहींत. भोंवतालच्या पेशींकडून ‘कातडी हो’ असा निरोप आणणारें ‘बीएमपी’ नांवाचें प्रथिन तीं वाटेंतच पकडतात. निरोप पोंचला नाहीं कीं पेशी मज्जामार्गाला लागते. इतर निरोपांचाहि यांत भाग आहे. पण मुख्य मर्म हेंच. पेशी एकमेकींपासून सुट्या केल्या तरी निरोप विरळ होऊन तेंच घडतें, आणि होल्टफ्रेटरच्या कोड्याची उकल या दिशेनेंच होते. सूत्रधार बोलत नव्हता, तो दुसऱ्यास बोलूं देत नव्हता.

केंद्रकाच्या आंतहि हाच न्याय चालतो. १९९५ सालीं दोन प्रयोगशाळांनीं ‘रेस्ट’ हें प्रथिन शोधलें. तें इतर पेशींत मज्जापेशीच्या जनुकांवर बसून त्यांस गप्प ठेवतें, व मूलपेशीची मज्जापेशी होतांना तें ओसरतें. २०१० सालीं स्टॅनफर्ड येथें उंदराच्या संयोजी ऊतींतील पेशींत एएससीएल१, बीआरएन२ व एमवायटी१एल हीं तीन जनुकें घालून त्यांच्या थेट मज्जापेशी करण्यांत आल्या. पहिलें जनुक बांधलेले रुमाल सोडतें. तिसऱ्याविषयीं २०१७ सालीं असें आढळलें कीं, तें स्नायूसारख्या परक्या वाटा बंद करण्याचें काम करतें. मज्जापेशी होणें म्हणजे इतर सर्व होण्याचें नाकारणें, आणि हें नाकारणें जन्मभर चालूं ठेवावें लागतें.

हा इतिहास केवळ विद्वानांच्या उपयोगाचा नाहीं. मूलपेशींची सुई दिली कीं नष्ट झालेली मज्जा पुन्हां उगवेल, अशीं आश्वासनें हवालदिल आईबापांना आपल्याकडेहि दिलीं जातात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनीं रक्ताच्या कांहीं विकारांखेरीज असे उपचार मान्य न करतां ते रीतसर चांचणींतच करावे असें सांगितलें, त्याचें कारण वरील कथेंत आहे. पेशीला नुसती दुसऱ्या जागीं नेऊन सोडल्यानें ती आपण मनांत धरलेलें रूप घेत नाहीं. कोणते निरोप अडवावयाचे, कोणते येऊं द्यावयाचे व कोणत्या क्रमानें, याचा हिशेब जुळावा लागतो. एका सुईंत सूत्रधार भरून मिळतो असें जो सांगेल त्याच्याकडे हा हिशेब मागावा. तो मागण्याचा अधिकार, सहा गर्भ जगवून जग सोडून गेलेल्या त्या तरुण स्त्रीनें आपणांस मिळवून दिलेला आहे.