बॉम जेझूस बॅसिलिका
गोव्यातील एक प्रसिद्ध रोमन कॅथलिक चर्च व सेंट फ्रान्सिस झेव्हिअर (१५०६–५२) याच्या पार्थिव देहामुळे ख्याती पावलेले यात्रास्थान. ते पणजीच्या पूर्वेस सु. १० किमी.वर जुने गोवे येथे आहे. मुंबईहून खुष्कीने येणारे यात्रेकरू महाड व पोलादपूर या मार्गाने गोव्यात येतात. या चर्चचा इतिहास केवळ वास्तूचा नाही. झेव्हिअरच्या देहावर कोणाचा अधिकार आणि त्याचे दर्शन कोणी, केव्हा व कसे घ्यावे, या प्रश्नांशी तो निगडित आहे.

बांधकामास २४ नोव्हेंबर १५९४ रोजी प्रारंभ झाला आणि १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप मेनेझिस याच्या हस्ते चर्चचे पवित्रीकरण झाले. ते जेझुइट संघाचे असून बाल येशूस अर्पण केलेले आहे. इमारत जांभ्या दगडाची असून दर्शनी भागाच्या कोरीव कामासाठी वसईहून आणलेला काळा दगड वापरला आहे. अंतर्भाग सु. ५६ मी. लांब व १७ मी. रुंद असून मुख्य वेदी सोन्याचा मुलामा दिलेल्या लाकडी कोरीव कामाची आहे. वेदीवर बाल येशूच्या लहान मूर्तीवर जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशस लॉयोला याची भव्य मूर्ती आहे.

झेव्हिअर ६ मे १५४२ रोजी गोव्यात आला. दक्षिण भारत, मलाक्का, मोलुकस बेटे व जपान येथे धर्मप्रसार करून चीनकडे जात असता सांचियन बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजी तो मरण पावला. त्याचा देह प्रथम मलाक्कास व १५५४ मध्ये गोव्यास आणण्यात आला. देह अविकृत राहिल्याची श्रद्धा लवकरच दूरवर पसरली. अवशेषांस असलेल्या मागणीमुळे १६१४ मध्ये त्याचा उजवा हात कोपरापासून विलग करून रोमला पाठविण्यात आला. १६२२ मध्ये त्यास संतपद मिळाले व त्यानंतर देह या चर्चमध्ये आणण्यात आला. मात्र गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना व्हावी अशी विनंती त्याने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजास केली होती. त्यामुळे त्याच्या कार्याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत.

देहाची चांदीची पेटी गोव्यातील कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडविली. तिच्याखालील संगमरवरी समाधी टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो दे मेदीची याची देणगी होय. ती फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जीनी याने तयार केली व १६९८ मध्ये येथे उभारण्यात आली.

या देहास राजकीय महत्त्वही लाभले. रायगड ही राजधानी असलेल्या छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजांनी नोव्हेंबर १६८३ मध्ये जुवे बेट घेतले आणि गोवे शहर संकटात सापडले. तेव्हा व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर याने शवपेटी उघडून आपला अधिकारदंड संताच्या स्वाधीन केला व शहराच्या रक्षणाची याचना केली. लवकरच मोगल सैन्याच्या आगमनामुळे मराठे माघारी गेले. पोर्तुगिजांनी मात्र ही सुटका संताच्या कृपेची मानली.

पोर्तुगीज शासनाने १७५९ मध्ये जेझुइटांना हद्दपार केले. जाताना त्यांनी मूळ देह नेला, अशी अफवा उठली. ती खोटी ठरविण्यासाठी १७८२ मध्ये देहाचे जाहीर दर्शन घडविण्यात आले. आज भक्तीचा सोहळा मानल्या जाणाऱ्या या दर्शनाच्या उगमाशी असा संशयाचा प्रसंग होता. गोवामुक्तीनंतर १९६४ पासून दर दहा वर्षांनी हे दर्शन होते. यापूर्वीचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला. त्या वेळी देह नजीकच्या से कॅथीड्रलमध्ये नेण्यात येतो. पूर्वी भाविक देहाच्या पायांचे चुंबन घेत. पुढे देह जपण्यासाठी तो काचेच्या पेटीत ठेवण्यात आला व दर्शन दुरूनच होऊ लागले. दरवर्षी ३ डिसेंबरला फेस्त भरते व त्याआधी नऊ दिवस प्रार्थना चालतात. ‘गोंयचो सायब’ म्हणून हिंदूही संतास मानतात आणि अनेक यात्रेकरू पायी येतात.

चर्चला १९४६ मध्ये बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. जुन्या गोव्यातील इतर चर्चवास्तूंसह १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला. विसाव्या शतकाच्या मध्यास बाहेरील चुन्याचा गिलावा काढून टाकण्यात आला. लालसर जांभ्यामुळे वास्तू अधिक प्राचीन भासत असली, तरी हा सच्छिद्र दगड कोकणच्या पावसात झिजतो. गिलावा पुन्हा द्यावा की सर्वपरिचित झालेले हे रूप राखावे, याविषयी तज्ञांत एकमत नाही. देहाच्या जतनासाठी भाविकांना स्पर्श सोडावा लागला. वास्तूच्या जतनासाठी तिचे रूप सोडावे काय, हा प्रश्न अद्याप अनिर्णित आहे.